त्रिरश्मीचा डोंगर आणि राखीव रान : आपला वारसा, आपली राखण

विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त स्मरणिका काढायची ठरली तेव्हा समितीची मंडळी आमच्या घरी आली आणि म्हणाली, "तुम्ही इतिहासावर चार पानं लिहा." आम्ही काही इतिहासाचे प्राध्यापक नाही. साखर कारखान्यात मिलवर पाळ्या करण्यात आमचे आयुष्य गेले. शाळा दहावीपर्यंतच झाली. पुढचे शिक्षण विहारातल्या कपाटातील पुस्तकांनी आणि कार्यकर्त्यांच्या शिबिरांनी केले. तरी आम्ही हो म्हणालो, कारण दोन वर्षांपूर्वीची एक गोष्ट मनात सलत होती आणि ती आपल्याच माणसांपुढे मांडायची होती.

त्या वर्षी गाळप हंगाम संपल्यावर वैशाख महिन्यात आमच्या वस्तीतली पंचवीस-तीस माणसे गाडी ठरवून नाशिकची लेणी पाहायला गेली. बायाबापड्या, म्हातारी माणसे, पोरेसोरे सगळे होते. वंदना झाली, त्रिशरण-पंचशील झाले, डबे खाऊन झाले. तेवढ्यात पाण्याच्या टाक्याजवळ गलका ऐकू आला. जाऊन पाहतो तर आमच्याच गल्लीतला एक चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा किल्लीने दगडावर स्वतःचे नाव खरवडत होता. नावाखाली 'जयभीम' लिहायला सुरुवातही केली होती. तिथल्या पहारेकऱ्याने त्याचा हात धरला होता. तो आमच्याकडे वळून शांतपणे म्हणाला, "ही लेणी आपली म्हणता ना? मग घराच्या भिंती अशाच खरवडता का?"

आमच्याजवळ उत्तर नव्हते. मुलगा मान खाली घालून एवढेच म्हणाला, "काका, इथं सगळ्यांनीच लिहिलंय." तेही खोटे नव्हते. परतीच्या वाटेवर गाडीत कोणी गाणे म्हटले नाही. घरी आल्यावर आम्ही ठरवले की, ज्या दगडावर आपली पोरे नावे खरवडतात त्या दगडावर मुळात काय लिहिलेले आहे, ते आधी आपण वाचले पाहिजे. ते वाचताना जे हाती लागले, तेच या लेखात सांगतो आहोत.

आपली नदी, आपला डोंगर

आपले कोपरगाव गोदावरीच्या काठी आहे. नदीच्या वरच्या अंगाला नाशिक, खालच्या अंगाला पैठण. सातवाहन राजांच्या काळात ही दोन्ही मोठी नगरे होती. त्यामुळे आपण आडवळणाच्या गावचे आहोत असे समजण्याचे कारण नाही. या इतिहासाच्या नदीवरच आपण राहतो.

नाशिकजवळच्या लेण्यांना लोक 'पांडवलेणी' म्हणतात. पांडवांचा आणि या लेण्यांचा काही संबंध नाही. महाराष्ट्रात जिथे जिथे मोठे जुने कोरीव काम दिसले आणि ते कोणी केले हे लोक विसरले, तिथे तिथे पांडवांचे नाव चिकटले. या चोवीस लेण्यांमधले शिलालेख मात्र स्पष्ट बोलतात. त्यांत या डोंगराचे नाव 'तिरण्हु', म्हणजे त्रिरश्मी, असे आहे. जवळच्या नगराचे नाव गोवर्धन आहे, आणि लेणी भिक्षुसंघाला दान दिल्याचे लिहिले आहे. पाली-प्राकृत भाषा आणि ब्राह्मी लिपी आपल्याला वाचता येत नव्हती, म्हणून आपल्याच घराच्या दारावरची पाटी आपल्याला परकी झाली होती.

अठरा क्रमांकाचे लेणे म्हणजे तिथले चैत्यगृह. त्याच्या दारावर लिहिले आहे की हे काम नाशिकच्या लोकांनी, धंभिक गावाने दिलेले दान आहे. म्हणजे एक अख्खे गाव दाता आहे. लेणी फक्त राजांनी कोरली असे शाळेच्या पुस्तकातून मनावर ठसते, ते खरे नाही. सोनार, सुतार, व्यापारी, लेखक, भिक्षुणी, घरगृहस्थीच्या बाया अशा साध्या माणसांची नावे महाराष्ट्रातल्या लेण्यांत ठिकठिकाणी आहेत.

विणकरांकडची ठेव

कामगार म्हणून आम्हाला सर्वांत आवडलेला लेख दहाव्या लेण्यातला आहे. नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याने बेचाळिसाव्या वर्षी वैशाख महिन्यात हे लेणे संघाला दिले आणि त्याबरोबर ३००० कार्षापणांची कायमची ठेव ठेवली. ठेव कोणाकडे ठेवली? सावकाराकडे नाही. गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे आजच्या भाषेत विणकरांच्या सोसायटीकडे! २००० कार्षापण एका श्रेणीकडे, महिना शेकडा एक व्याजाने. १००० दुसऱ्या श्रेणीकडे, शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यायचे नाही, फक्त व्याज वापरायचे.

लेखात पुढे म्हटले आहे की, लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण चिवरासाठी द्यावेत. आम्ही तिसऱ्या पाळीत जेवणाच्या सुट्टीत कागदावर हिशेब मांडला. २००० वर महिना शेकडा एक म्हणजे महिन्याला २०, वर्षाला २४०. वीस भिक्षू गुणिले बारा, २४०. बरोबर! एक कार्षापण इकडे नाही की तिकडे नाही. एकोणीसशे वर्षांपूर्वीचा हिशेब आजही जुळतो. हे सगळे निगमसभेत वाचून दाखवले आणि दप्तरात नोंदवले, असेही त्यात लिहिले आहे. त्याच लेखात ८००० नारळाच्या झाडांच्या दानाचाही उल्लेख आहे. लेणे दिले तर त्याच्याबरोबर कपडा, पैसा आणि झाडे यांचीही सोय केली.

आपल्याजवळच्या येवल्याला आजही विणकर पैठणी विणतात. या गोदाकाठच्या विणकरांनी कधीकाळी भिक्षूंच्या अंगावरच्या चिवराचा भार उचलला होता, हे आपल्या मुलांना कोणी सांगितले आहे काय?

दगडावरचा राखीव हुकूम

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. आज आपण 'राखीव वन', 'अभयारण्य', 'संरक्षित स्मारक' असे शब्द पाट्यांवर वाचतो. हे सरकारने आणलेले नवे खूळ आहे असे पुष्कळांना वाटते. तिसऱ्या लेण्यातले गौतमीपुत्र सातकर्णीचे हुकूम वाचले की हा गैरसमज दूर होतो.

राज्याच्या अठराव्या वर्षी गौतमीपुत्राने गोवर्धनच्या विष्णुपालित नावाच्या अमात्याला हुकूम पाठवला की, पश्चिम कखडी गावातले दोनशे निवर्तने शेत त्रिरश्मीच्या भिक्षूंना दिले आहे. निवर्तन हे जमिनीचे तेव्हाचे माप. आणि त्या शेताला कोणत्या सवलती आहेत ते एकेका शब्दात सांगितले : 'अपावेस' म्हणजे सरकारी माणसांनी आत शिरायचे नाही, 'अनोमस' म्हणजे कोणी हात लावायचा नाही, 'अलोणखादक' म्हणजे मिठासाठी खणायचे नाही, 'अरठसविनयिक' म्हणजे जिल्ह्याच्या शिपायांनी दखल द्यायची नाही. शिरू नका, हात लावू नका, खणू नका. अभयारण्याच्या फाटकावरची आजची पाटी याहून वेगळे काय सांगते?

पण बंधुभगिनींनो, त्याच्या शेजारीच दुसरा हुकूम कोरलेला आहे. तो सहा वर्षांनंतरचा, चोविसाव्या वर्षाचा आहे. राजा आणि त्याची आई यांनी श्यामक नावाच्या अमात्याला कळवले आहे की, पूर्वी भिक्षूंना कखडी गावात शेत दिले होते, पण ते शेत कसले जात नाही आणि ते गाव वसत नाही. म्हणून आता नगराच्या सीमेवरील राजाच्या मालकीच्या जमिनीतून शंभर निवर्तने द्यावीत.

आम्ही हा लेख तीन वेळा वाचला. राजाचा हुकूम होता, शिक्का होता, दप्तरात नोंद होती, तरी सहा वर्षांत ते दान कागदावरच राहिले. कारण जागेवर माणसे नव्हती. राजाने हुकूम काढला म्हणून शेत पिकत नाही आणि सरकारने पाटी लावली म्हणून डोंगर वाचत नाही. जवळ राहणाऱ्या माणसाला ती जागा आपली वाटली पाहिजे. एवढी एक गोष्ट या लेखातून वाचकांनी घेतली तरी आमचे लिहिणे सार्थकी लागले.

पुढे गौतमीपुत्राचा मुलगा पुळुमावी याच्या काळात लेण्याच्या देखभालीसाठी म्हणून गाव दिल्याचा लेख आहे. नुसते कोरून भागत नाही, त्याची निगा राखायला खर्च येतो, हे त्या लोकांना चांगले कळत होते.

डोंगर आणि रान यांचे नाते

कोणी म्हणेल, लेणी ठीक आहेत, रानाचा आणि बौद्धांचा काय संबंध? संबंध पहिल्यापासून आहे. तथागतांचा जन्म लुंबिनीच्या वनात, संबोधी पिंपळाखाली, पहिले प्रवचन सारनाथच्या मृगदावात, महापरिनिर्वाण कुसिनाऱ्याला दोन शालवृक्षांमध्ये. बिंबिसार राजाने दिले ते वेळुवन, म्हणजे बांबूचे बन. अनाथपिंडिकाने दिले ते जेतवन. आपल्या विनयात भिक्षूंना झाडे-रोपे तोडायला मनाई आहे. वर्षावासाचा नियम तरी कशासाठी? पावसाळ्यात उगवलेले कोवळे गवत आणि किडामुंगी पायाखाली तुडवली जाऊ नये, हे त्याचे एक कारण विनयात सांगितले आहे.

सम्राट अशोकाने राज्याभिषेकाच्या सव्विसाव्या वर्षी स्तंभावर आज्ञा कोरली. तीत पोपट, मैना, चक्रवाक, हंस अशा अवध्य प्राण्यांची यादी दिली. विनाकारण किंवा प्राणिहिंसेसाठी जंगले जाळू नयेत, असे स्पष्ट सांगितले. दुसऱ्या आज्ञेत रस्त्याच्या कडेला सावलीसाठी वड लावल्याचे आणि विहिरी खोदल्याचे म्हटले आहे. रानाच्या आणि प्राण्यांच्या रक्षणाचा इतका जुना राजहुकूम जगात फार थोड्या देशांकडे असेल.

आपल्या शेजारच्या पुणे जिल्ह्यात जुन्नरला लेण्यांची संख्या फार मोठी आहे. तिथल्या एका लेखात अदुथुम नावाच्या शक उपासकाचे दान आहे. एका गावी वीस निवर्तने आणि दुसऱ्या गावी नऊ निवर्तने जमिनीचे उत्पन्न त्याने करंजाच्या आणि वडाच्या झाडांसाठी दिले, असा अर्थ अभ्यासक लावतात. शक म्हणजे परदेशातून आलेला माणूस. तो इथे येऊन उपासक झाला आणि झाडांसाठी दान देऊन गेला. त्याच जुन्नरच्या लेखांत वेळूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे ठेवलेल्या ठेवीही आहेत.

रानाशिवाय लेणे राहत नाही, हेही समजून घेऊ. आपला सह्याद्री ज्वालामुखीच्या लाव्हाचा, काळ्या कातळाचा. या कातळावर पडलेले पाणी झाडे आणि माती असली तरच मुरते; नाही तर धो धो वाहून जाते. भिक्षू डोंगरावर राहत, त्यांना बारा महिने पाणी लागे. म्हणून प्रत्येक लेण्याजवळ टाके खोदलेले असते. शिलालेखांत त्याला 'पोढी' म्हटले आहे. मुंबईच्या कान्हेरीला शंभराहून जास्त लेणी आहेत आणि त्यांच्या पोढ्यांची व्यवस्था पाहून आजचे इंजिनियर तोंडात बोट घालतात. ही कान्हेरीची लेणी संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात आहेत. एवढ्या मोठ्या शहराच्या पोटात रान उरले आणि रानाच्या पोटात लेणी उरली.

तसेच पितळखोरे. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात कन्नडजवळ, १९८६ साली जाहीर झालेल्या गौताळा औट्रमघाट अभयारण्याच्या डोंगरात ही लेणी आहेत. तिथे एका खांबावर पैठणच्या मितदेव नावाच्या गंधिकाच्या, म्हणजे अत्तर-सुगंधी विकणाऱ्याच्या, घराण्याचे दान आहे. तिथेच एक यक्षाची मूर्ती सापडली. ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तिच्या हातावर कोरले आहे की कण्हदास नावाच्या सोनाराने ही केली. आमच्या गल्लीतल्या मुलाला आम्ही नंतर हेच सांगितले : "बाळा, नाव कोरायचं असेल तर कण्हदासासारखं कोर. त्यानं आधी मूर्ती घडवली, मग नाव घातलं."

हरवले आणि सापडले

सगळ्यांना माहीत असलेली अजिंठ्याची गोष्ट घ्या. भिक्षू गेले, वाघोरा नदीच्या वळणावरची लेणी रानाने झाकून टाकली. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ नावाचा इंग्रज लष्करी अधिकारी शिकारीला आला आणि त्याच्या नजरेस लेणी पडली. आसपासच्या लोकांना ती जागा ठाऊकच होती; बाहेरच्या जगाला ती तेव्हा कळली. इतकी शतके चित्रे टिकली ती त्या एकांतामुळे. आणि या साहेबाने काय केले? दहाव्या लेण्यातल्या खांबावर, बुद्धाच्या चित्रावर, स्वतःचे नाव आणि तारीख खरवडली. आजही ती दिसते. म्हणजे नाव खरवडण्याची ही खोड फक्त अडाण्यांची आहे असे कोणी समजू नये. शिकलेल्या साहेबानेही तेच केले.

पुढे १९०४ साली प्राचीन स्मारकांच्या जतनाचा कायदा झाला. स्वातंत्र्यानंतर १९५८ चा कायदा आला. २०१० च्या दुरुस्तीनंतर संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या दोनशे मीटरात परवानगी लागते. स्मारकाची नासधूस करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. आमच्या त्या मुलाला पहारेकऱ्याने समज देऊन सोडले, हे त्याचे नशीब. अजिंठा आणि वेरूळ १९८३ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेले.

रानासाठी १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि १९८० चा वनसंवर्धन कायदा आहे. आपल्याच अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात, अकोले तालुक्यात १९८६ साली कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य झाले. महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटरचे कळसूबाई, त्यातच येते. उसाच्या रानात जन्मलेल्या आपल्या मुलांना 'जिल्ह्यात गर्द झाडी आहे' असे सांगितले तर खरे वाटत नाही. त्यांना एकदा पावसाळ्यानंतर अकोल्याच्या डोंगरात न्यावे. दुसऱ्या टोकाला कर्जत तालुक्यात रेहेकुरीचे काळविटांचे अभयारण्य आहे. जेमतेम दोन चौरस किलोमीटरांचे, पण १९८० पासून काळवीट तिथे तग धरून आहे.

आणि अगदी आपल्या पाण्याची गोष्ट. कोपरगावच्या उसाला ज्या गोदावरी कालव्यांचे पाणी मिळते, ते कालवे निफाड तालुक्यातल्या नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यातून निघतात. इंग्रजांच्या काळातल्या या बंधाऱ्यामागे गाळ साचला, दलदल झाली आणि देशोदेशीचे पक्षी उतरू लागले. त्याचे अभयारण्य झाले. २०२० च्या जानेवारीत ते महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झाले. आपल्या नळाच्या आणि पाटाच्या पाण्यात त्या पाखरांचाही वाटा आहे, एवढे ध्यानात ठेवावे.

बाबासाहेब वेरूळला निघाले तेव्हा

लेणी आपली म्हणणे आज सोपे आहे. १९३४ साली ते सोपे नव्हते. त्या वर्षी परमपूज्य बाबासाहेब सुमारे तीस सहकाऱ्यांसह वेरूळची बौद्ध लेणी पाहायला निघाले. मंडळी नाशिकहून निघाली. वाटेत दौलताबादचा किल्ला लागला. प्रवासाने अंगावर धूळ बसली होती, म्हणून दाराजवळच्या हौदावर त्यांनी हातपाय धुतले. तेवढ्यात हौद बाटवला म्हणून आरडाओरडा झाला, जमाव जमला, शिव्यागाळ झाली. शेवटी किल्ल्यात पाण्याला हात लावणार नाही या अटीवर त्यांना आत सोडले, आणि ती अट पाळली जाते की नाही हे पाहायला बंदूकधारी शिपाई बरोबर दिला. ही हकीकत बाबासाहेबांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या लेखनात लिहून ठेवली आहे.

विचार करा. ज्या लेण्यांत पाण्यासाठी पोढ्या खोदून ठेवल्या, ती पाहायला निघालेल्या माणसाला वाटेत पाण्याला शिवू दिले नाही. पुढच्याच वर्षी, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, आपल्यापासून तासाभराच्या वाटेवर येवल्याला बाबासाहेबांनी घोषणा केली की आपण हिंदू म्हणून मरणार नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला ती पुरी झाली. आज आपण पाठीवर कोणाची बंदूक नसताना लेण्यांच्या पायऱ्या चढतो, ते या वाटेने चढतो. तिथे किल्लीने नाव खरवडणे म्हणजे या कष्टाची किंमत न कळणे होय.

एक अवघड प्रश्न

एका बैठकीत आम्ही हे मांडले तेव्हा एका जुन्या कार्यकर्त्याने आम्हाला अडवले. ते म्हणाले, "दादासाहेब गायकवाडांनी १९५९ साली आणि पुन्हा १९६४-६५ ला भूमिहीनांचा सत्याग्रह केला. पडीक आणि जंगलातली जमीन भूमिहीनांना द्या म्हणून आपली माणसं तुरुंगात गेली. आता तुम्ही म्हणता रान राखा. मग गरिबानं जायचं कुठं?"

प्रश्न खरा आहे आणि तो टाळून चालणार नाही. आमचे मत असे आहे. दादासाहेबांनी मागितली ती कसण्यालायक, पडून राहिलेली जमीन होती. ती मागणी आजही न्याय्य आहे. शेकडो वर्षांचे उभे रान तोडून ते कोणाच्याही घशात घालावे, असे कोणी म्हटले नव्हते. उलट आजवर रान कोणी संपवले ते पाहा. मोळी विकणाऱ्या बाईने ते संपवले नाही. ठेकेदार, खाणवाले आणि डोंगर पोखरून बंगले बांधणारे यांनी संपवले. आणि राखीव रानाच्या नावाखाली तिथल्या ठाकर, महादेव कोळी अशा आदिवासींना हुसकावून लावणे हेही अन्यायाचेच. त्यासाठी २००६ चा वनहक्क कायदा झाला आहे आणि त्याची अंमलबजावणी झाली पाहिजे. चोविसाव्या वर्षाच्या त्या हुकुमाकडे परत पाहा : गाव वसत नव्हते म्हणून दान वाया गेले. माणसे हाकलून रान राखता येत नाही, माणसांच्या भरवशावरच ते राखता येते. त्या जुन्या कार्यकर्त्यांना आमचे सगळे पटले असे नाही. पण त्या दिवसापासून ते आमच्याबरोबर सहलीला येतात.

आपण काय करायचे

भाषण पुष्कळ झाले. आता घरची गोष्ट. कोणाला राग आला तरी चालेल, पण लिहितोच.

आपण लेण्यांवर श्रद्धेने जातो. पण तिथे मेणबत्त्या आणि अगरबत्त्या लावतो. धुराने दगड काळा पडतो आणि मेण छिद्रांत बसते. जुन्या मूर्तीच्या अंगाला हात लावतो, हार घालतो, फोटोसाठी मुलाला मांडीवर बसवतो. वंदना करावी, अगदी मोठ्या आवाजात करावी. पण हात जोडून आणि अंतर राखून. मेणबत्ती आपल्या विहारात लावावी. अजिंठ्याला गाड्या लांब उभ्या करून वेगळ्या बसने न्यायची पद्धत केली, ती धूर आणि गर्दी चित्रांपासून दूर राहावी म्हणूनच.

दुसरे, जेवण झाल्यावर पत्रावळी, पाण्याच्या बाटल्या, पुड्या यांची पिशवी भरून परत आणावी. त्रिरश्मीच्या पायथ्याला बुद्ध स्मारक आहे, वन खात्याचे वनोद्यान आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये श्रीलंकेतल्या अनुराधपूरच्या महाबोधिवृक्षाचे रोप तिथे लावले गेले. संघमित्रा थेरीने ज्या वृक्षाची फांदी समुद्र ओलांडून नेली, त्याच वंशाचे रोप दोन हजारांहून जास्त वर्षांनी आपल्या नदीच्या उगमाकडच्या डोंगराखाली परत आले. त्याच्या आजूबाजूला आपल्याच वेफर्सच्या पुड्या उडत असतील तर काय म्हणावे?

तिसरे, मुलांना ब्राह्मी लिपीची अक्षरे शिकवावीत. अवघड नाही. आम्ही पन्नाशी ओलांडल्यावर शिकलो. हात कारखान्याच्या कामाने जाड झाले होते, पेन्सिल नीट धरता येत नव्हती, तरी दोन महिन्यांत 'दानं' हा शब्द दगडावर ओळखता येऊ लागला. पहिल्यांदा ओळखता आला तेव्हा डोळ्यांत पाणी आले, हे कबूल करतो. ज्याला ते अक्षर वाचता येते, तो त्यावर किल्ली चालवत नाही.

याचा दाखलाही देतो. तो मुलगा आता आमच्या रविवारच्या वर्गाला येतो. गेल्या वेळी सहल गेली तेव्हा त्याने लहान पोरांना दहाव्या लेण्यासमोर उभे करून विणकरांच्या ठेवीचा हिशेब तोंडपाठ सांगितला. मग त्यांना रांगेने टाक्याजवळ नेले आणि आपण खरवडलेली जागा स्वतः दाखवली. "हे माझं. हे आता जाणार नाही," एवढेच म्हणाला. आम्ही दोन वर्षांत जेवढे सांगितले नसेल तेवढे त्या पोराने एका वाक्यात सांगितले.

शेवटी एकच. आपल्या आज्यापंज्यांनी पिढ्यान्पिढ्या गावाची राखण केली. वेशीवर रात्री जागले, सीमेचे दगड सांभाळले, आणि बदल्यात शिळी भाकरी आणि अपमान घेतला. बाबासाहेबांनी त्या वतनाविरुद्ध आवाज उठवला आणि १९५८ च्या कायद्याने ते वतन संपले. बरे झाले संपले. तेव्हाची राखण दुसऱ्याच्या मालकीची होती, लादलेली होती. आता जी राखण करायची आहे ती आपल्या स्वतःच्या वारशाची आहे, आणि ती कोणाच्या हुकमाने नाही, आपल्या मनाने करायची आहे. त्रिरश्मीच्या डोंगरावर राजाचे हुकूम आजही वाचता येतात. राजे गेले. 'हात लावू नका' हे सांगायला आता तुम्ही-आम्हीच उरलो आहोत.

येत्या वैशाखात विहारातर्फे पुन्हा गाडी निघेल. ज्यांना यायचे असेल त्यांनी समितीकडे नावे द्यावीत. डबा घरून आणावा आणि एक रिकामी पिशवीही आणावी.

नमो बुद्धाय, जयभीम.